जयपूरचा मोबाइल बाजार : कमिशन आणि पन्नासावा फोन

जयपूर शहराला दलाली नवी नाही. सवाई जयसिंग (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीतील जोहरी बाजारात रत्नांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या दलालांमार्फत होत आले आहेत. तटबंदीबाहेर, मिर्झा इस्माईल मार्गाच्या परिसरात जयंती मार्केट आहे. शहरातील मोबाइल फोनचा हा प्रमुख बाजार. येथील काउंटरमागे उभा असलेला तरुणही कमिशनवरच काम करतो. फरक एवढाच, की रत्नांचा दलाल स्वतःचा मालक असतो आणि मोबाइल विकणारा हा कोणाचा तरी नोकर असतो. नेमका कोणाचा, हे ग्राहकाला सहसा कळत नाही.

देशात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले आणि मोबाइल सामान्यांच्या हाती आला. दुकाने वाढली, त्याबरोबर काउंटरवरील माणसांची संख्याही वाढली. मोठ्या दुकानात एकाच रांगेत तीन निरनिराळ्या प्रकारचे विक्रेते उभे असतात. पहिला दुकानदाराचा पगारी नोकर. दुसरा विशिष्ट कंपनीचा प्रमोटर. तो दुकानात उभा असला तरी त्याचे वेतन बहुधा मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेकडून येते. तिसरा हप्त्यांवर फोन देणाऱ्या वित्तसंस्थेचा प्रतिनिधी. ग्राहक एक, फोन एक; मात्र त्या एका विक्रीवर तिघांचे कमिशन अवलंबून असते.

विक्री केव्हा मोजली जाते?

कमिशनचा दर किती, हा प्रश्न नवा उमेदवार प्रथम विचारतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : विक्री झाली असे कधी मानले जाते? वितरकाकडून दुकानात माल आला, की ती एक विक्री. दुकानातून ग्राहकाकडे गेला, की दुसरी. प्रमोटरच्या खात्यात मात्र फोन बहुधा तेव्हाच जमा होतो, जेव्हा त्यात सिमकार्ड घालून तो सुरू केला जातो. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि फोन सुरू होताच त्याची नोंद कंपनीकडे पोहोचू शकते. लग्नसराईत किंवा धनत्रयोदशीला भेट म्हणून घेतलेला फोन आठवडाभर खोक्यातच राहिला, तर त्याची विक्री पुढील महिन्यात मोजली जाण्याची शक्यता असते. सीलबंद खोके तेथेच उघडून फोन सुरू करून देण्याचा विक्रेत्याचा आग्रह हा केवळ सौजन्याचा भाग नसतो, हे ग्राहकांनी लक्षात घ्यावे.

यानंतर येतात टप्पे, म्हणजे बाजाराच्या भाषेत स्लॅब. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिन्याचे लक्ष्य पन्नास फोनांचे आहे. चाळीसपेक्षा कमी विक्री झाली तर कमिशन शून्य. चाळीस ते एकोणपन्नास फोनांपर्यंत प्रत्येकी १०० रुपये आणि पन्नास पूर्ण होताच सर्व फोनांवर प्रत्येकी २०० रुपये. या हिशेबाने एकोणचाळीस फोन विकणाऱ्यास काहीच मिळत नाही. चाळिसावा फोन ४,००० रुपये मिळवून देतो. एकोणपन्नास फोनांवर ४,९०० रुपये होतात आणि पन्नासावर १०,०००. म्हणजे पन्नासाव्या एकट्या फोनचे मोल ५,१०० रुपये.

महिन्याच्या अखेरीस काउंटरवर जे घडते, त्याचे मूळ या आकड्यात आहे. ग्राहकाने एका कंपनीचा फोन मागितला असता त्याला दुसऱ्या कंपनीचा दाखविला जातो. आपल्या खिशातून सवलत देऊन विक्री पूर्ण करण्याचा मोह होतो. काही जण उरलेला एखादा फोन स्वतःच विकत घेऊन सुरू करतात व पुढे कमी किमतीस विकतात; परंतु सुरू केलेला फोन बाजारात नवा राहत नाही, त्यामुळे मिळालेल्या कमिशनचा काही भाग त्याच व्यवहारात खर्ची पडतो. लक्ष्य गाठल्याची नोंद मात्र होते आणि अनेकदा पुढील महिन्याचे लक्ष्य त्याच नोंदीवरून वाढविले जाते. चांगल्या विक्रेत्याला मिळणारी ही विचित्र बक्षिसी आहे.

कायदा काय सांगतो?

कमिशन म्हणजे नेमके काय, हा वाद मोबाइल व्यवसायातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता, तो मात्र वितरकांच्या संदर्भात. प्रीपेड सिम व रिचार्ज कूपनांवर वितरकाला मिळणारा फरक हे कमिशन नव्हे, त्यामुळे दूरसंचार कंपन्यांनी त्यावर कर कापणे आवश्यक नाही, असा निर्णय न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. वितरक हा स्वतंत्र व्यापारी ठरला. काउंटरवरील नोकरदाराला या निर्णयाचा काही लाभ नाही. त्याचे कमिशन प्राप्तिकराच्या दृष्टीने पगाराचाच भाग असते.

कामगार कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये 'वेतन' या संज्ञेतून कमिशन वगळले आहे. त्याला एक मर्यादा आहे : वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. एखाद्यास ९,००० रुपये निश्चित पगार आणि १३,००० रुपये कमिशन मिळत असेल, तर एकूण २२,००० चा निम्मा भाग ११,००० होतो. कमिशनमधील जादा २,००० रुपये वेतनात मिळविले जातात आणि वेतन ११,००० रुपये मानले जाते. ग्रॅच्युइटीसारख्या देण्यांचा हिशेब अशा वेतनावर होत असल्याने हा फरक कागदापुरता नाही. घरात २२,००० रुपये येत असले, तरी उद्याची तरतूद निम्म्या रकमेवरच होत असते.

लक्ष्य पूर्ण झाले नाही, या कारणाने किमान वेतनापेक्षा कमी रक्कम देता येत नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे बंधनकारक आहे. दंड महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असू नये आणि त्यापूर्वी संबंधिताला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी, अशीही तरतूद आहे. काउंटरवरून फोन गहाळ झाला म्हणून त्याची किंमत परस्पर पगारातून कापून घेणेही नियमास धरून नाही. तेथेही म्हणणे ऐकून घ्यावेच लागते.

राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर आधारित काम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी देशातील पहिला कायदा केला. जयपूरमध्ये फोन घरपोच नेऊन देणारा तरुण त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. तोच फोन दुकानात उभे राहून विकणारा येत नाही. त्याचा आधार नियुक्तिपत्र हाच. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणे आता सक्तीचे आहे. मात्र कमिशनचे टप्पे त्या पत्रात क्वचितच असतात. ते दर महिन्याच्या आरंभी मोबाइलवर संदेशाने येतात आणि कधी कधी महिन्याच्या मध्यास बदलतात.

सर्वाधिक तंटे नोकरी सोडताना होतात. राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे, असे संहिता सांगते. कमिशनचा हिशेब मात्र अनेक ठिकाणी एक-दोन महिने उशिरा होतो आणि देयकाच्या दिवशी कामावर असलेल्यांनाच ते मिळेल, अशी अट योजनेत घातलेली आढळते. दिवाळीत लक्ष्य गाठून डिसेंबरपूर्वी नोकरी बदलणाऱ्याच्या बाबतीत ही एक अट संपूर्ण हंगामाची कमाई थांबवू शकते. योजनेचा प्रत्येक संदेश आणि विकलेल्या फोनांच्या आयएमईआय क्रमांकांची स्वतःची वही, एवढाच पुरावा अशा वेळी त्याच्या हाती असतो.