गावं रिकामी, तालुके भरलेले

कोकणात गणपतीच्या दिवसांत गेलं की घराघरांत माणसांचा राबता दिसतो. चाकरमानी परतले की त्यातल्या कितीतरी दारांना कुलूप. जनगणनाही तेच सांगते : २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली.

मग छोटी शहरं ओस पडताहेत का? नाही. त्याच दशकात रत्नागिरी शहर मात्र सुमारे ७० हजारांवरून ७६ हजारांवर गेलं. वाडीवरचं कुटुंब मुलांच्या कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी तालुक्याला खोली घेतं; मुंबईचं भाडं परवडत नसलं तरी हे जमतं.

दुसरी वाढ कुणी न हलताही होते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा गावाला जनगणना शहर मानते, कारभार ग्रामपंचायतीकडे असला तरी. देशात अशी गावं २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. खरी अडचण इथेच आहे. वस्ती शहरासारखी दाटते. गटारं, कचरा, नळपाणी मात्र ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशांवर चालवावं लागतं. कुडाळसारख्या काही ठिकाणी पुढे नगरपंचायत आली.

२०२१ची जनगणना लांबली. आता ती २०२७ मध्ये होते आहे. तोवर अनेक गावांच्या योजना जुन्याच आकड्यांवर आखल्या जाताहेत.