दवाखान्याच्या पिशवीत साबणाची वडी

शेजारची लेक बाळंत झाली, सासूबाईंचं ऑपरेशन झालं, असं कळलं की आपण हातातली कामं भराभर आवरून दवाखान्याची वाट धरतो. पिशवी भरताना काही म्हणून विसरत नाही. थर्मासमध्ये चहा, डब्यात मऊ भात, चार मोसंबी, बाळासाठी जुन्या लुगड्याची दुपटी. पण भगिनींनो, एक वस्तू या पिशवीत सहसा नसते. ती म्हणजे साबणाची वडी!

"इश्श, दवाखान्यात कसला साबण न्यायचा? तिथे तर सगळं स्वच्छच असतं," असं तुम्ही म्हणाल. नेमकी इथेच आपली गफलत होते. घरी बाळंतीण असली की बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा जुन्या बायकांचा दंडक होता. दवाखान्यात मात्र फिनेलचा वास आला की आपण तो दंडक विसरतो. एस.टी.चा दांडा धरलेले, पैसे मोजलेले हात तसेच बाळाच्या गालावर जातात.

खरं तर दवाखान्यात या दंडकाची गरज घरापेक्षा जास्त. तिथे नाना तऱ्हेचे आजारी एका छताखाली असतात. खाटेचा कठडा, दाराची कडी, नळाची तोटी यांवर त्यांचे जंतू असतात. जंतूंना पाय नसतात, ते आपल्या हातांवर बसून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. धडधाकट माणसाला त्यांचं काही वाटत नाही. पण ज्याच्या पोटावर ताजे टाके आहेत, हाताला सलाईन आहे, लघवीसाठी नळी लावली आहे, त्याला ते गाठतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर फारच लवकर. शिवाय दवाखान्यातले काही जंतू औषधांना चांगलेच सरावलेले असतात. साधी औषधं त्यांच्यावर चालत नाहीत.

हे कळायला जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बायका दगावल्या, सुईणींच्या वॉर्डात तीनही नाही. बायका हातापाया पडून विनवायच्या, आम्हाला त्या वॉर्डात नेऊ नका! सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने कारण शोधलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. १८४७ साली त्याने सर्वांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले. १८४८ साली त्याच वॉर्डातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. तरी बडे डॉक्टर मानेनात. आपल्याच हातांनी रोग नेला, हे कबूल कोण करणार?

आता आपल्या मुलखात येऊ. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा म्हणजे जंगल, नद्या आणि दूर दूर विखुरलेली गावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३पासून इथल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. तेव्हा बाळंतपणं घरीच होत. नवजात बाळं दगावण्यामागे जंतुसंसर्ग हे मोठं कारण होतं. गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं, त्याला उबेत ठेवणं, वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे सारं त्या घरी जाऊन करत. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ होतं, ते पाच वर्षांत २५च्या आसपास आलं! १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकिकत जगापुढे आणली. हे यश एकट्या साबणाचं नव्हे, औषधांचा आणि उबेचाही त्यात वाटा आहे. पण सुरुवात हात धुण्यापासूनच. आज 'आशा' ताई घरी येतात, त्या याच वाटेने.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. एका सिस्टरकडे कितीतरी खाटा, म्हणून पुसणं, भरवणं, दुपटी बदलणं घरच्याच बायका करतात. तेव्हा हे नियम डॉक्टरांइतकेच आपलेही, बरं का!

रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवा. बाळाचं दुपटं बदलल्यावर, मलमूत्राचं भांडं उचलल्यावर धुवा. भरवण्याआधी धुवा. अंगठ्या काढा, बांगड्या मागे सारा, नखं कापलेली असू द्या. तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा साबणाने चोळा. सगळं मिळून पाऊण ते एक मिनिट लागतं. आणि हात पदराला पुसू नका! तोच पदर दिवसभर कुठे कुठे टेकलेला असतो. धुतलेला छोटा पंचा सोबत न्या आणि रोज बदला. हात मळलेले दिसत नसतील, तर सॅनिटायझर अर्धा मिनिट चोळला तरी चालतो. पण जुलाबाचा रुग्ण असेल तर साबणपाणीच हवं. सर्दी, ताप किंवा हातावर गळू असेल, तर भेट पुढे ढकला. फोनवर चौकशी केली म्हणून माया कमी होत नाही.

राहिली अवघड गोष्ट. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुताच टाक्यांना हात लावू लागल्या तर? आपण गप्प बसतो. त्या रागावतील, मग आपल्या माणसाकडे बघणार नाहीत, अशी धास्ती वाटते. पण गोड शब्दांत विचारता येतं की! "सिस्टर, आधी हात धुऊन घेता का? बाळ फार नाजूक आहे हो." हातमोजे घातले असतील, तरी ते एका रुग्णाचे दुसऱ्याला चालत नाहीत, हेही विचारायला हरकत नाही. कामाच्या धबडग्यात त्यांच्याकडून राहून जातं, आठवण दिली तर चांगली सिस्टर रागावत नाही. बेसिनपाशी साबणच नसेल, तर तेही वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांच्या कानावर घाला. चार जणींनी सांगितलं की साबण येतो.

पुढच्या वेळी पिशवी भराल तेव्हा मोसंब्यांच्या आधी साबण आणि पंचा आत टाका. आणि बाळाला घ्यायला कुणी हात पुढे केले, तर हसून आधी बेसिनचा रस्ता दाखवा. आजीबाई असल्या तरी!