बिघाड आकाशात की अँटेनात?

स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजायला देण्यापूर्वी आपण विद्यार्थ्यांना शून्यांक त्रुटी पाहायला सांगतो. उपकरण किती आणि कोणत्या बाजूला चुकते हे एकदा समजले, की वाचन दुरुस्त करणे सोपे असते. रेडिओ दुर्बिणीतही हेच करावे लागते आणि त्याला अंशांकन म्हणतात. फरक एवढाच की तेथे अशी त्रुटी एक नसून प्रत्येक अँटेनाची वेगळी असते आणि ती काही मिनिटांत बदलूही शकते.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीचेच उदाहरण घेऊ. तिच्यात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, तर 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर उभ्या आहेत. टोकांच्या अँटेनांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. एकटा अँटेना चित्र काढत नाही. दोन-दोन अँटेनांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि प्रत्येक जोडीकडून दोन आकडे मिळतात: आयाम आणि कला. (ही कला तरंगाची, चंद्राची नव्हे!) तीस अँटेनांच्या 435 जोड्या होतात. या सर्व आकड्यांवरून संगणक आकाशाचे चित्र तयार करतो.

यांपैकी कला फार नाजूक असते. 610 मेगाहर्ट्झ वारंवारतेला तरंगलांबी साधारण 49 सेंटिमीटर असते. म्हणजे संकेताच्या वाटेत एका सेंटिमीटरची वाढ झाली, तरी कला सात अंशांहून अधिक सरकते. कलेतील 10 अंशांची चूक चित्र जितके बिघडवते, तितके बिघडवण्यासाठी आयामात जवळजवळ 20 टक्के चूक व्हावी लागते.

म्हणून निरीक्षणाच्या सुरुवातीला दुर्बीण एखाद्या ओळखीच्या स्रोताकडे वळवतात. केंब्रिजच्या 1959 च्या तिसऱ्या यादीतील 3सी 48, 3सी 147 आणि 3सी 286 हे क्वासार यासाठी नेहमी वापरले जातात. त्यांची तेजस्विता माहीत आहे आणि जीएमआरटीला ते जवळजवळ बिंदूसारखे दिसतात. (कोणताही तेजस्वी स्रोत चालत नाही. कॅसिओपिया ए हा ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष खूप तेजस्वी आहे, पण तो आकाराने पसरट आहे आणि दरवर्षी एक टक्क्याहून थोडा कमी असा मंदही होत चालला आहे.) दृष्टिक्षेत्राच्या मध्यावरील बिंदूस्रोतासाठी सर्व जोड्यांचा आयाम सारखा आणि कला शून्य यायला हवी. जे वेगळे येईल ती त्रुटी. मूळ निरीक्षण चालू असतानाही मधूनमधून जवळच्या एखाद्या अंशांकन-स्रोताकडे वळून ती पुन्हा तपासतात.

आता समजा, आकडे विस्कटलेले आले. दोष कोठे शोधायचा? प्रत्येक अँटेना 29 जोड्यांत असतो. त्या 29 जोड्या बिघडलेल्या आणि बाकीच्या 406 ठीक असतील, तर दोष त्या अँटेनात आहे. एकच जोडी बिघडली असेल, तर अँटेनांवर संशय घेण्याचे कारण नाही. दोष संकेत ताडणाऱ्या यंत्रणेत किंवा त्या जोडीत शिरलेल्या बाहेरच्या गोंगाटात असू शकतो. अशी एक जोडी तशीच राहिली, तर चित्रभर पन्हळी पत्र्यासारखे समांतर पट्टे उमटतात.

त्रुटी कशी बदलते यावरूनही कारण कळते. कला वारंवारतेबरोबर सरळ रेषेत चढत असेल, तर संकेत उशिरा पोचतो आहे. एक नॅनोसेकंदाचा उशीर 100 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कला 36 अंशांनी फिरवतो. एका स्रोतावर सारे ठीक, पण आकाशात दूरच्या दुसऱ्या स्रोताकडे वळताच ठराविक अँटेनाची कला सरकते, असे दरवेळी घडत असेल, तर त्या अँटेनाचे जमिनीवरील स्थान चुकीचे नोंदले गेले असण्याचा संभव असतो. आणि कमी वारंवारतेला जास्त, जास्त वारंवारतेला कमी अशी कला थरथरत असेल, तर दोषी आयनांबर. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर ते विशेष अशांत होते.

सर्वांत फसवे प्रकरण निराळेच आहे. कला नेहमी दोहोंतील फरक म्हणून मोजली जाते. त्यामुळे एका अँटेनाला संदर्भ मानून त्याची कला शून्य धरतात. समजा, आलेखात 29 अँटेनांची कला एकाच क्षणी, सारखीच उडी मारताना दिसते आणि संदर्भ अँटेना मात्र शांत आहे. येथे बिघडलेला अँटेना तो शांत दिसणाराच! त्याची उडी बाकी सर्वांच्या नावावर जमा झालेली असते. संदर्भ बदलून पाहिला की हे लगेच उघड होते.

त्रुटी अँटेनांत असतात, जोड्यांत क्वचितच, या गोष्टीचा फार सुंदर उपयोग इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन यांनी केला. जेनिसन आणि भारतीय शास्त्रज्ञ मृणाल कुमार दासगुप्ता यांनी 1953 मध्ये हंस तारकासमूहातील तेजस्वी रेडिओ स्रोत दुहेरी असल्याचे दाखवले होते. त्यांच्या त्या पद्धतीत कला मिळतच नव्हती. ती मिळवण्यासाठी जेनिसन यांनी काढलेली तीन अँटेनांची युक्ती 1958 मध्ये प्रसिद्ध झाली.

ती वर्गात करून पाहता येते. अ, ब, क या तीन विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक गुप्त संख्या धरावी. ही त्यांची त्रुटी. शिक्षकांनी जोड्यांना खऱ्या कला द्याव्यात: अब 20, बक 30, कअ उणे 10. बेरीज 40. प्रत्येक जोडीने खऱ्या कलेत पहिल्याची त्रुटी मिळवून दुसऱ्याची वजा करावी व उत्तर सांगावे. त्रुटी 7, 12 आणि 3 असतील, तर उत्तरे 15, 39 आणि उणे 14 येतील. बेरीज पुन्हा 40! गुप्त संख्या कोणत्याही घ्या, बेरीज बदलत नाही. त्रिकोण पुरा करताना प्रत्येकाची त्रुटी एकदा मिळवली जाते आणि एकदा वजा होते.

तीस अँटेनांत अज्ञात कला-त्रुटी फक्त 29, कारण एक संदर्भ. मोजमापे मात्र 435. एवढी माहिती जास्तीची असल्याने ज्या स्रोताचे चित्र काढायचे, त्याच्यावरूनच त्रुटी सुधारता येतात. आधी अंदाजी चित्र घ्यायचे, त्यावरून त्रुटी काढायच्या, दुरुस्त आकड्यांवरून नवे चित्र, आणि पुन्हा तेच. याला स्व-अंशांकन म्हणतात.

यातच धोका आहे. अंदाजी चित्रात नसलेला स्रोत तुम्ही घातलात आणि संकेत क्षीण असेल, तर संगणक गोंगाटालाच त्या अंदाजाप्रमाणे वळवतो आणि तो स्रोत पुढच्या चित्रात खरोखर दिसू लागतो. असलेला स्रोत अंदाजात राहून गेला, तर तो फिका पडतो. त्यामुळे नवा ठिपका दिसला की निरीक्षणाचे वेळेनुसार किंवा वारंवारतेनुसार दोन भाग करून स्वतंत्र चित्रे काढावीत, आणि सुरुवातीचा अंदाजही बदलून पाहावा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम87 दीर्घिकेतील कृष्णविवराच्या चित्रासाठीही अशीच खबरदारी घेतली होती. तेथे जेनिसन यांच्या त्रिकोणी बेरजांचा उपयोग तर केलाच, शिवाय चार गटांनी एकमेकांशी न बोलता चित्रे काढली आणि मगच ती शेजारीशेजारी ठेवली. चारही चित्रांत कडे होते.