टाचेवरचे दोन हजार ठोके

बाभुळगाव तालुक्यात कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. टाच धरलेल्या बाईला डॉक्टरांनी ‘शॉकवेव्ह’ सुचवली, की आठवड्याला एक अशा तीन ते पाच खेपा आल्या आणि त्या प्रत्येक दिवसाची मजुरी गेली. म्हणून हे मशीन नेमकं काय देतं, हे आधी पाहायला हवं. नावात शॉक असला तरी अंगात वीज सोडत नाहीत. दाबाच्या लहरींचे साधारण दोन हजार ठोके दुखऱ्या जागी देतात. या लहरींनी मुतखडा फोडण्याचा पहिला उपचार फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला झाला, आणि तंत्र होतं डॉर्निए या विमान कंपनीचं! त्यावरून टाचेचा वाढलेला काटाही फुटत असेल, असं पुष्कळांना वाटतं. तो फुटत नाही. वेदनेच्या नसा मंदावतात आणि दुरुस्तीला चालना मिळते, एवढीच काय ती अपेक्षा.

ती तरी पुरी होते का? अमेरिकेने २००० साली टाचदुखीसाठी एका यंत्राला मान्यता दिली. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत खरे आणि लुटुपुटूचे ठोके घेणारे सारखेच सुधारले. खांदेदुखीवरच्या अशाच ३२ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० मधल्या आढाव्यालाही रुग्णाला जाणवेल असा लाभ फारसा दिसला नाही. ‘पण मला तर गुण आला’ हा अनुभव खोटा नव्हे. टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात आपसूक ओसरते, आणि श्रेय शेवटच्या उपचाराला जातं. काही अभ्यास मशीनच्या बाजूचेही आहेत. तेव्हा महिनोन्‌महिने व्यायाम करूनही दुखणं हटत नसेल, तर ते वापरून पाहायला हरकत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे: आधी व्यायाम, मग मशीन.

दिवसभर ढेकळांत उभ्या असणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असं कोणी विचारेल. रास्त आहे. पण शेतातला भार तासन्‌तास, विसाव्याविना पडतो. व्यायामाचा भार मोजका, हळूहळू वाढणारा, मध्ये एक दिवस सोडून. डेन्मार्कच्या संशोधकांनी बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर टाचा सावकाश उचलायला लावल्या. तीन महिन्यांनी हे रुग्ण नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरे होते. वर्षअखेरीस मात्र दोघे सारखेच. खर्च काय, तर टॉवेल आणि घराची पायरी.

आणि मशीनचीच पाळी आली, तर गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं ठोके सुरू होण्याआधीच सांगावं.