काँक्रीटला अभ्रा घातला तर?

बंगळुरूच्या कुठल्याही नव्या वस्तीत सकाळी चक्कर मारा. एखाद्या तरी प्लॉटवर स्लॅबची तयारी चाललेली दिसेल. खाली टेकूंचं रान, वर फळ्या, पत्रे, प्लायवूड... सेंट्रिंगवाल्यांची ठोकाठोक सुरू आणि घरमालक खर्चाच्या काळजीत! एवढा डोलारा, पण तो थोड्या दिवसांचा पाहुणा. काँक्रीट धरलं की उतरवायचा.

या फळ्यांऐवजी चक्क कापड वापरलं तर?

थट्टा वाटेल, पण जगात हे घडलंय. ओलं काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड. ते साच्याला जोरानं बाहेर ढकलतं. फळी वाकू नये म्हणून ती जाड घ्यावी लागते, मागून आधार द्यावा लागतो. कापड मात्र भांडत बसत नाही. ते फुगतं, ताणलं जातं आणि त्या ताणातच भार पेलतं. श्रीखंडासाठी टांगलेलं चक्क्याचं फडकं आठवा! तसंच इथेही जादा पाणी आणि हवेचे बुडबुडे विणीतून निघून जातात. त्यामुळे काँक्रीटचा पृष्ठभाग अधिक घट्ट होतो.

आयरिश इंजिनिअर जेम्स वॉलर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच कमानींवर गोणपाट ताणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. दोन कमानींमध्ये गोणपाट झोळीसारखं खाली येई. त्या नागमोडी वळणांनीच छपराला ताठपणा मिळे. बगदादजवळच्या प्राचीन कमानीवरून या पद्धतीला त्यांनी ‘टेसिफॉन’ हे नाव दिलं.

१९९५ मध्ये जपानमधलं कोबे शहर भूकंपानं हादरलं. त्यानंतर टोकियोचे वास्तुरचनाकार केन्झो उन्नो कापडी साच्यातल्या भिंतींकडे वळले. मोजक्या माणसांना, अगदी घरमालकालाही उभारता येईल असं सुरक्षित घर हा त्यांचा ध्यास.

२०१८ मध्ये तर मेक्सिको सिटीत झुरिचच्या तंत्रविद्यापीठानं झाहा हदीद यांच्या संस्थेच्या साथीनं यंत्रावर विणलेल्या कापडावर वळणदार काँक्रीटचं छत्र उभारलं. तारांच्या जाळीसह साचा जेमतेम ५५ किलोचा, त्यावर काँक्रीट पाच टनांहून जास्त! कापड स्वित्झर्लंडहून बॅगांत भरून आणलं होतं.

हे नुसतं कौतुक नव्हे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. चौकोनी तुळईत बरंचसं काँक्रीट नुसतं बसून असतं, कारण फळीला सरळ रेषाच जमते. कापडाच्या साच्यात मात्र जिथे भार तिथेच माल ओतता येतो. ब्रिटनच्या बाथ विद्यापीठातल्या संशोधनानुसार अशा तुळईत ४० टक्क्यांपर्यंत काँक्रीट वाचू शकतं.

अडचणीही आहेतच. वळणाबरोबर सळ्याही वळवाव्या लागतात, शिवण उसवली तर सगळाच माल जमिनीवर. म्हणून इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय घरावर प्रयोग नको.

पण एक जुना अभ्रा आणि थोडं प्लॅस्टर ऑफ पॅरिस एवढं तर घरात जमेल? कॅनडात या विषयाची प्रयोगशाळा उभारणारे मार्क वेस्टही आपल्या कल्पना आधी प्लॅस्टरच्या छोट्या नमुन्यांतच तपासत. सुट्टीत मुलांसोबत करून बघा. दगडासारखी घट्ट उशी हाताला लागली की फळी आणि फडकं यांतला फरक आपोआप कळेल!