चाहत्यांची दुनिया (भाग ७) : फिन कुठे गेला?

डिसेंबर 2015 मध्ये ‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’ आला आणि फॅनफिक, म्हणजे आवडत्या कथेवर बेतून चाहत्यांनीच रचलेल्या कथा, लिहिणाऱ्यांच्या हाती घबाडच लागलं. त्यातला फिन बघा. लहानपणीच आईबापांपासून तोडलेला, सैन्यात वाढवलेला. नाव नाही, नुसता क्रमांक : एफएन-2187. पहिल्याच मोहिमेत निःशस्त्र गावकऱ्यांवर शस्त्र चालवायचा हुकूम होतो आणि याचा हात उठत नाही. कैदेतल्या पो डॅमेरन या वैमानिकाला सोडवून तो त्याच्यासोबत पळतो. ‘फिन’ हे नाव त्याला पोच देतो. हरवलेलं घर, मनाला लागलेली टोचणी, नव्या नावानं सुरू झालेलं आयुष्य. मूळ कथेत राहून गेलेल्या जागा भरणं हाच ज्यांचा छंद, त्यांना याहून अधिक काय हवं?

फिन आणि पो या जोडीवर पुष्कळ लिहिलं गेलं, नाही असं नाही. पण बघता बघता दुसरी एक जोडी तितक्याच जोरात चालू लागली : कायलो रेन आणि जनरल हक्स. दोघेही गोरे, दोघेही खलनायक, पडद्यावर एकमेकांशी बोलतात ते जेमतेम. हक्सच्या हुकमानं अख्खी ग्रहमाला भस्म होते. कायलो स्वतःच्या बापाला मारतो आणि वर फिनची पाठ चिरून त्याला बर्फात पाडतो. पुढे नायिका रे आणि कायलो ही जोडी तर या चित्रत्रयीतली सर्वांत लाडकी ठरली. कायलोच्या बालपणीच्या जखमा, त्याचा एकटेपणा, त्याचा पश्चात्ताप यांवर कादंबऱ्यांच्या लांबीच्या कथा आल्या. ज्याचं बालपण खरोखर हिरावलं गेलं तो फिन, म्हणजे जॉन बोयेगा हा कृष्णवर्णीय नट, त्यांतल्या कितीतरी कथांत रेचा समजूतदार मित्र होऊन दाराशी उभा राहिला.

मागच्या भागात आपण जोड्या जुळवण्याच्या खेळाची गंमत पाहिली. ही त्याच खेळाची दुसरी बाजू.

यावर ठरलेलं उत्तर असं : मला जे सुचलं ते मी लिहिलं, आवडीला कसला आलाय वंशवाद? एकेका लेखिकेपुरतं ते पटतंही. फुकट, हौसेनं लिहिणाऱ्या बाईला अमक्यावरच प्रेम कर असं सांगणार कोण? पण हजारो लोकांची आवड एकाच दिशेला वाहते, आणि मालिका बदलली, सिनेमा बदलला तरी तिकडेच वाहते, तेव्हा तिला निव्वळ खासगी योगायोग म्हणता येत नाही. रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासिकेनं ‘स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स’ या 2018 च्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. फॅनफिकच्या अभ्यासकांनी या जगाला बायकांचं, बंडखोर, मुक्त जग म्हणून वर्षानुवर्षं गौरवलं. त्या बायका गोऱ्या असणार हे मात्र न बोलताच गृहीत धरलं गेलं.

कोणाला लिहिलं जातं याइतकाच, कसं लिहिलं जातं हाही प्रश्न आहे. गोऱ्या पात्राच्या कातडीचा उल्लेखही होत नाही. सावळं पात्र आलं की कॉफी, कॅरॅमल, चॉकलेट असा खाऊचा फलक लागतो. पण हे झालं किरकोळ. 2010 च्या जानेवारीत हैतीत भीषण भूकंप झाला. पाचच महिन्यांत ‘सुपरनॅचरल’ मालिकेच्या दोन गोऱ्या नटांची प्रेमकथा त्याच ढिगाऱ्यांच्या पार्श्वभूमीवर बेतून एकीनं प्रसिद्ध केली. हैतीची माणसं तिच्यात आली ती नायकांच्या प्रेमामागचा पडदा म्हणून, आणि तीही हीन भाषेत. टीकेचा भडिमार झाल्यावर लेखिकेनं माफी मागितली. मला तिच्यापेक्षा त्या कथेच्या प्रवासाचं जास्त वाटतं. ती ज्या उपक्रमात आली, त्यात लेखकाच्या हातून कथा थेट वाचकाकडे जात नाही. तपासणारा ‘बीटा’ असतो, चित्रं काढणारा जोडीदार असतो. एवढ्यांच्या नजरेखालून ती सुखरूप बाहेर पडली.

आपल्या वाचकांना जवळचं उदाहरण म्हणजे हॅरी पॉटरमधल्या पाटील बहिणी. आडनाव थेट आपल्याकडचं. पुस्तकात पार्वती आणि पद्मा वेगवेगळ्या हाउसमध्ये आहेत. सिनेमानं दोघींना एकाच हाउसमध्ये घालून तेवढाही फरक पुसला. नाचाच्या रात्री हॅरी आणि रॉनला ऐन वेळी मिळालेल्या जोडीदारणी, एवढीच त्यांची ओळख. फॅनफिकला इथे मोकळं रान होतं. तरीही या मुलींच्या घरात डोकावताना अनेकांना साडी, मसाले आणि ठरवून केलेलं लग्न यांपलीकडे काही दिसलं नाही. घरी कोण काय बोलतं, सणाला काय रांधलं जातं, हे पुढे दक्षिण आशियाई मुलींनीच लिहायला घेतलं.

आता जरा कडवट भाग. हे सगळं बोलून दाखवणाऱ्या चाहत्यांना काय ऐकावं लागतं? आम्ही इथे दोन घटका विरंगुळ्याला येतो, त्यावर विरजण कशाला घालता? सौम्य असतं ते एवढंच. पुढची पायरी म्हणजे कथेखाली शिव्या, निनावी धमक्या, माग काढत मागे लागणं. विरंगुळ्याचा हक्क नेमका कोणाचा, हे तिथे कळतं. जिला आपल्यासारखं माणूस कथेत फक्त नोकर किंवा बळी म्हणून भेटतं, तिचा विरंगुळा हिशेबात नसतो.

मग नियम का करत नाहीत? इथे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहाचा जन्म आठवावा लागतो. मे 2007 मध्ये लाइव्हजर्नल या कंपनीनं बाहेरच्या दबावाखाली सुमारे पाचशे खाती एका फटक्यात बंद केली. त्यांत फॅनफिकची खाती होती, तशी अत्याचारातून सावरणाऱ्यांचीही होती. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली. संग्रह आपला, सर्व्हर आपले, आणि मजकूर रुचला नाही म्हणून काढणार नाही, हा बाणा. 2019 मध्ये या संग्रहाला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. माझ्या मते हा बाणा रास्त आहे. कथांना कात्री लावायचा अधिकार एकदा दिला की ती आधी कोणावर चालते हे 2007 नं दाखवलं आहे.

पण शिवीगाळ म्हणजे कथा नव्हे. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, जून 2020 मध्ये, संस्थेनं वंशवादाविरुद्ध पावलं उचलण्याचं जाहीर केलं. पुढे वापरकर्त्याला रोखण्याची, टिप्पण्या गोठवण्याची सोय आली, बाकीचं रेंगाळलं. मे 2023 मध्ये चाहत्यांनी स्वतःच्या कथांच्या शीर्षकांतच निषेधाचं वाक्य घालून मोहीम चालवली. छळाविरुद्धचे नियम कडक करा आणि कबूल केलेला सल्लागार नेमा, या त्यांच्या प्रमुख मागण्या. यांसाठी एकही कथा पुसावी लागत नाही. संस्था स्वयंसेवकांवर चालते, हात अपुरे पडतात, हे मान्य. तीन वर्षांच्या दिरंगाईला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल मात्र पुरत नाही.

अवघड मागणी वेगळीच आहे. टोकाची हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध यांची आगाऊ सूचना द्यायची की नाही, हे या संग्रहात कथा टाकताना लेखकाला ठरवावं लागतं. त्यांतच वंशवादाचा पाचवा रकाना घाला, असं काहीजण सुचवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण पात्र मरतं हे लेखकाला ठाऊक असतं. आपली कथा वंशवादी आहे हे ठाऊक असतं तर बहुतेकांनी ती तशी लिहिलीच नसती. हैतीच्या कथेच्या लेखिकेनं तो रकाना कोराच सोडला असता. मग खूण करायची कोणी? वाचकांनी केली तर तिचं हत्यार व्हायला किती वेळ लागेल? या दोन प्रश्नांवर चाहत्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

(पुढील भागात : ‘बीटा’ नेमकं काय करतो? फॅनफिकच्या बिनपगारी संपादकांविषयी.)