कांदा दुकानाच्या फळीवर: पिशवी कशी भराल?



लासलगावच्या बाजार समितीत आपला कांदा ट्रॉलीतून मोकळाच लिलावाला लागतो. व्यापारी माल पाहून बोली लावतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानात मात्र गिऱ्हाईक फळीवरची किलोची पिशवी स्वतःच उचलते. तिथे मालाबद्दल सांगायला कोणी नसते. गटाने थेट दुकानाला माल द्यायचा असेल, तर एवढे ध्यानात ठेवा.

माल : उन्हाळ कांदा यासाठी चांगला. काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतातच सुकवा. ओळी अशा लावा की एकाच्या पातीने दुसरा कांदा झाकला जाईल. मग दोन-अडीच सें.मी. मान ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. मान ओली राहिली की कूज तिथूनच शिरते.

प्रतवारी : एका पिशवीत एकाच आकाराचा कांदा हवा. साधारण ४५ ते ६५ मि.मी. जाडीचा घ्या. गोल्टी, जोड, डेंगळे, मोड आलेले वेगळे काढा. ते लिलावात विका. ढिगात एखादा नासका खपून जातो, किलोच्या पिशवीत तोच आधी दिसतो.

पिशवी : जाळीचीच घ्या. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, ओल सोडतो. बंद प्लॅस्टिकमध्ये ती ओल साचून मुळ्या फुटतात, बुरशी धरते. पुढे वजन घटते, म्हणून भरताना थोडे जास्त भरा.

क्रेट : दुकानदाराला एकेक पिशवी मांडायला सवड नसते. क्रेट उचलून तसाच फळीवर ठेवता आला पाहिजे. सगळ्या चिठ्ठ्या दर्शनी बाजूला येऊ द्या. क्रेट काठाच्या खालीच भरा, म्हणजे वरच्या क्रेटचा भार कांद्यावर पडणार नाही.

चिठ्ठी : बंद पिशव्यांना २०११ चे वैधमापन नियम लागू आहेत. मालाचे नाव, भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापा. लासलगाव कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह मात्र नोंदणी केलेल्यांनीच वापरावे.

हिशोब : पिशवी, चिठ्ठी, मजुरी, गाडीभाडे आणि परत येणारा माल वजा करून किलोमागे काय उरते, ते त्या दिवशीच्या लिलावाच्या भावाशी ताडून पाहा. पहिल्या खेपेला एक क्विंटलच पाठवा. परत आलेल्या मालाचे भाडे कोण देणार, हेही आधी लिहून घ्या. आधी दुकान पक्के करा, मगच पिशव्या विकत आणा.